गाडी का थांबली?



मागच्या रविवारी सात वाजताच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातले एक गृहस्थ आम्हाला भेटायला थांबले. त्यांची लोकल नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये पाऊण तास उभी राहिली होती. कामावर लेटमार्क लागला, वर साहेबाची बोलणी. म्हणाले, "फादर, राग गिळायचा तरी किती? आणि राग येणं हे पापच का?" प्रश्न सरळ होता. उत्तर शोधताना मात्र आम्ही मनाने दुसऱ्याच एका गाडीत जाऊन बसलो.

२०१९ साली आम्ही जर्मनीत आखेन या शहरी गेलो होतो. पर्यटनाला नव्हे, कामाला. डहाणूकडच्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहासाठी मदत मागायची होती आणि सकाळी ११ची वेळ मिळाली होती. फ्रँकफर्टच्या विमानतळाला लागूनच स्टेशन आहे. तिथून कोलोनला जाणारा वेगवान मार्ग २००२ साली सुरू झाला. त्यावर गाड्या ताशी ३०० किलोमीटरने धावतात. तासाभरात कोलोन, तिथे गाडी बदलून पुढे ७० किलोमीटरवर आखेन. कागदावर सगळे चोख होते.

प्रत्यक्षात गाडीचे डबे उलट्या क्रमाने लागले आणि बॅग घेऊन आम्ही फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलो. तिकीट असले तरी बसायच्या जागेचे पैसे वेगळे भरावे लागतात, हे ठाऊक नव्हते. म्हणून दाराजवळ बॅगेवरच बसलो. मोंटाबाउर नावाच्या छोट्या स्टेशनात गाडी थांबली. जर्मन भाषेत काही घोषणा झाली. दहा मिनिटे गेली, अर्धा तास गेला, एक तास गेला.

तिकीट तपासणाऱ्या बाई आल्या तेव्हा आम्ही इंग्रजीत त्यांना बरेच सुनावले. आमच्या देशातल्या गाड्यांना नावे ठेवता, आणि तुमची ही तऱ्हा! त्यांनी ऐकून घेतले, दिलगिरी व्यक्त केली आणि पुढे गेल्या. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मग हळू आवाजात आम्हाला घोषणेचा अर्थ सांगितला. रुळांवर डॉक्टरांची तातडीची मदत सुरू आहे, एवढेच तिच्यात म्हटले होते. पण इथे सर्वांना त्याचा अर्थ कळतो, असे ते म्हणाले. पुढे कुणीतरी गाडीखाली आले होते, आणि बहुधा आपणहून.

आम्ही गप्प झालो. खरे सांगायचे तर क्षणभरच. लगेच पुन्हा घड्याळाकडे पाहिले. कोलोनला पुढची गाडी चुकलेली होती, मध्ये चाळीस मिनिटे होती. स्टेशनातून बाहेर पडताच समोर तिथले जगप्रसिद्ध कॅथेड्रल उभे आहे. तीन राजांचे अवशेष तिथे जतन केलेले आहेत, असे परंपरा सांगते. आम्ही फलाटावरच उभे राहिलो आणि उशिराचे कारण कसे मांडायचे याची वाक्ये जुळवीत राहिलो. मेलेल्या माणसासाठी एक 'हे आमच्या बापा' म्हणायचेही सुचले नाही.

आखेनला पोहोचायला पावणेदोन तास उशीर झाला. तासाभराऐवजी पंधरा मिनिटे मिळाली. वसतिगृहाचा विषय पुढच्या वर्षावर गेला, आणि पुढचे वर्ष २०२० होते.

तेव्हा तासाभराहून जास्त उशीर झाला की भाड्याचा चौथा हिस्सा परत मिळायचा, असा युरोपचा नियम होता. आता रुळांवर माणूस आल्यामुळे उशीर झाला, तर रेल्वेला ही भरपाई देणे बंधनकारक नाही. आम्ही तेव्हा अर्ज भरला आणि १२ युरो घेतले. ते हक्काचे होते. तरी त्या १२ युरोंचे जेवण घशाखाली उतरताना आम्हाला बरे वाटले नाही, आणि का वाटले नाही हे नीट सांगता येत नाही.

सेमिनरीत आम्हाला संत थॉमस अक्वायनस शिकवीत. न्याय-अन्यायाचा संबंध ज्याच्याशी असू शकतो, त्याच्यावरच खरा राग धरता येतो, असे ते मांडतात. मग लिहिणारा माणूस चिडून लेखणी का फेकतो, असा आक्षेपही ते स्वतःच नोंदवतात. वर्गात आम्ही त्या लेखणीला हसलो होतो. मोंटाबाउरला त्या बाई आमची लेखणी झाल्या. रागाला चेहरा लागतो. खरा चेहरा सापडला नाही की जो समोर येईल त्याचा चालतो.

कुणी म्हणेल, तुम्हाला माहीत नव्हते, अज्ञानाने दोष कमी होतो. होतो खरा. पण समजा, गाडी रेल्वेच्या हलगर्जीपणामुळे थांबली असती, तर त्या बाईंवर ओरडणे योग्य ठरले असते का? नाहीच. म्हणजे आमची चूक त्या मृत्यूमुळे झाली नव्हती. ती आधीच झाली होती.

तरीही राग सोडूनच द्या, असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईच्या लोकल मार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेली. फलाट आणि डबा यांच्यामधली पोकळी कमी व्हावी म्हणून लोकांना न्यायालयात जावे लागले. तो राग होता म्हणूनच काही फलाट उंच झाले. ज्यांना तो येतच नाही, त्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते. मात्र त्या रागात दुसऱ्याचा जीव होता; आमच्या रागात आमची ११ची वेळ होती. वसतिगृह मुलींसाठी होते हे खरे, पण बाईंवर ओरडताना मुली आमच्या मनात नव्हत्या, हे आम्हाला पक्के आठवते.

हे सारे त्या गृहस्थांना सांगितले. ते थोडा वेळ टोपीशी चाळा करीत उभे राहिले. मग म्हणाले, "आमची गाडी का थांबली होती, ते मी कुणाला विचारलंच नाही, फादर."

आम्हीही त्या बाईंना विचारले नव्हते.