वारसा आणि बोजा

परदेशी शिक्षणासाठी गेलेली आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली सुट्टीत रोम, लूर्द, फातिमा अशा तीर्थस्थानी जातात आणि तेथील छायाचित्रे घरी पाठवितात. आई-वडिलांना धन्यता वाटते आणि ती वाटणे योग्यच आहे. परंतु पवित्र स्थळ डोळे भरून पाहिले, गुडघे टेकून प्रार्थना केली, एवढ्याने त्या स्थळाचे आपल्यावरील ऋण फिटते काय? ज्या भूमीवर संतांचे रक्त सांडले, त्याच भूमीवर संतांच्या वारसदारांनी अन्याय केला असेल, तर तेथे उभ्या राहिलेल्या भाविकाने काय करावे? मान उंच करावी की खाली घालावी?

गेल्या शतकाच्या अखेरीस ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी आम्ही काही वर्षे रोममध्ये होतो. संत पीटरच्या कबरीपाशी, भुयारी स्मशानांच्या अरुंद वाटांवर आमची श्रद्धा दृढ झाली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मात्र संत पीटरच्या महामंदिरापासून अर्ध्या तासाच्या पायी वाटेवर, टायबर नदीच्या काठी, ज्यू लोकांची जुनी वस्ती आहे. आमच्या अभ्यासक्रमातील कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या वस्तीने आम्हांला अधिक शिकविले.

रोममधील ज्यू समाज ख्रिस्तजन्माच्याही आधीपासून तेथे राहतो. संत पीटर रोमला आले तेव्हा त्यांचे हे जातभाई तेथे होतेच. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले. सम्राट टायटसच्या कमानीवर रोमन सैनिक त्या मंदिरातील सात फांद्यांची समई लुटून नेताना कोरलेले आहेत. त्या कमानीखालून जायचे नाही, असा रोमच्या ज्यूंचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज होता. मूर्तिपूजक सम्राटाने केलेला हा अपमान. पुढचा अपमान मात्र ख्रिस्ती हातांनी झाला. १५५५ साली पोप पॉल चौथे यांनी एका फर्मानाद्वारे ज्यूंना भिंतीआड राहण्यास भाग पाडले. रात्री वेशी बंद होत. पुरुषांना ओळखीसाठी पिवळी टोपी घालावी लागे. १८४८ साली पोप पायस नववे यांनी भिंती पाडविल्या. तथापि १८७० साली पोपचे राज्य संपुष्टात आले, तेव्हाच हे निर्बंध कायमचे सुटले.

त्या वस्तीच्या तोंडाशी संत ग्रेगरींचे एक लहानसे चर्च आहे. ज्यूंना ख्रिस्ती प्रवचने सक्तीने ऐकवीत, त्या काळाची आठवण या चर्चशी निगडित आहे. प्रवचन ऐकू येऊ नये म्हणून ते कानांत मेण घालून बसत, असे सांगतात. चर्चच्या दर्शनी भागावर हिब्रू आणि लॅटिन भाषांत यशया संदेष्ट्याचे वचन कोरलेले आहे. हट्टी प्रजेकडे परमेश्वर दिवसभर हात पसरून उभा असतो, असा त्याचा आशय. ते वचन वाचताना आमच्या मनात आले की, यशयाने हे शब्द स्वतःच्याच प्रजेला, स्वतःच्याच भाषेत ऐकविले होते. ते उचलून शेजाऱ्याच्या दारावर ठोकणे फार सोपे आहे. आपल्या स्वतःच्या दारावर आतल्या बाजूने लिहून ठेवण्यासारखे ते वचन आहे.

या वस्तीवर सर्वांत मोठा घाव पडला तो १६ ऑक्टोबर १९४३ रोजी. नाझी सैन्याने त्या दिवशी पकडलेल्या एक हजारांहून अधिक स्त्री-पुरुष-बालकांची रवानगी आउश्विट्झला झाली. त्यांतील अवघे सोळा जण परतले. गाडीत चढविण्यापूर्वी त्यांना ज्या इमारतीत कोंडले होते, ती व्हॅटिकनपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्याच दिवसांत रोममधील अनेक मठांनी आणि कॉन्व्हेंटांनी आपली दारे उघडून असंख्य ज्यूंना लपविले व वाचविले, हेही तितकेच खरे. पोप पायस बारावे यांनी जाहीर निषेध का केला नाही, हा वाद अद्याप शमलेला नाही. त्यांच्या कारकिर्दीचे दप्तर मार्च २०२० मध्ये संशोधकांना खुले झाले. ख्रिस्तसभेने सत्याला भिऊ नये, हे त्यातून दिसले.

१२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पीटरच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली. सात कबुल्या झाल्या; त्यांतील एक इस्राएलच्या प्रजेविरुद्ध केलेल्या पापांची होती. अखेरीस त्या वृद्ध, थरथरत्या पोपनी क्रुसाला मिठी मारली. नंतर आमच्याबरोबर शिकणाऱ्या एका धर्मबंधूने भोजनाच्या टेबलावर विचारले, “जे पाप मी केले नाही, माझ्या आजोबांनीही केले नाही, त्याची क्षमा मी का मागावी?”

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. बापाच्या अधर्माचा भार मुलाने वाहायचा नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याने स्पष्टपणे सांगितले आहे. पाप हे व्यक्तीचे असते; ते रक्तातून उतरत नाही. प्रायश्चित्त संस्कारासाठी येणारा माणूस पणजोबांची पापे सांगू लागला, तर कोणताही धर्मगुरू त्याला थांबवील.

तरीही एक गोष्ट उरते. आमच्या शेतकरी वाचकांना ती चटकन उमगेल. वडिलोपार्जित जमीन वारसाच्या नावे होते, तेव्हा सातबाऱ्यावरील बोजाही तिच्याबरोबर येतो. कर्ज आजोबांनी काढले, आपण पैही खर्च केली नाही, हे सारे खरे. पण जमीन हवी आणि बोजा नको, असे म्हणता येत नाही. संत पीटर आमचे, भुयारांतील रक्तसाक्षी आमचे, वसईचे संत गोन्सालो गार्सिया आमचे, असे आपण अभिमानाने म्हणतो. त्यांच्या पुण्यात आपला काडीचा वाटा नसताना ते ‘आमचे’ होतात, तर पिवळी टोपी घालायला लावणारेही ‘आमचेच’ ठरतात. दोष त्यांचा, ऋण मात्र आपले. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे क्षमायाचनेत खोटेपणा उरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, जुन्या काळाला आजच्या मापाने मोजू नये. हेही तत्त्वतः योग्य आहे. पण त्या काळापाशी स्वतःचे माप नव्हते काय? सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोर ग्रेगरी यांनी अनेक पत्रांतून बजावले होते की, ज्यूंना बळाने बाटवू नये, गोडीने जिंकावे. त्यांची सभास्थाने हिरावून घेऊ नयेत. ज्या संतांचे नाव त्या चर्चला आहे, ते हेच ग्रेगरी! सोळाव्या शतकाला मोजण्यासाठी विसाव्या शतकाची फूटपट्टी नको; हजार वर्षांपूर्वीची आपल्याच घरातील पट्टी पुरेशी आहे.

तथापि येथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. पूर्वजांची पापे कबूल करणे स्वतःची पापे कबूल करण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. त्यात आपली काहीच झीज होत नाही. उलट मोठ्या मनाचे म्हणून आपला लौकिक वाढतो. म्हणून अशा कबुलीची कसोटी आजच्या वर्तनात शोधावी. पोप जॉन पॉल १३ एप्रिल १९८६ रोजी स्वतः चालून रोमच्या सभास्थानात गेले आणि ज्यूंना त्यांनी ज्येष्ठ बंधू म्हटले. क्षमायाचनेच्या आधी चौदा वर्षे पाऊल पडले होते. शब्द मागाहून आले.

आपल्या कोकणकिनाऱ्यावर बेने इस्राएल समाज शतकानुशतके तेल गाळीत, शनिवार पाळीत, मराठी बोलत राहिला. त्यांच्याभोवती शेजाऱ्यांनी कधी भिंत उभारली नाही. हे पुण्य आपल्या मातीचे आहे. पण तेही वारशानेच आलेले. ते टिकविणे आपल्याकडे आहे. परधर्मीय म्हणून भाडेकरूला घर नाकारताना, मागाहून आलेल्या कुटुंबाला धर्मग्रामाच्या सणात कोपऱ्यात बसविताना, जातीचे नाव पाहून सोयरीक मोडताना आपण विटा रचीत असतो. त्या भिंतीला चुना लावलेला नसतो, एवढाच फरक.

तरुण विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच आहे. रोमला जरूर जा. संत पीटरच्या कबरीपाशी विश्वासांगिकार म्हणा, आणि तेथून नदी ओलांडून त्या वस्तीतही जा. दोन्ही ठिकाणी सारखाच वेळ द्या. आणि घरी पत्र लिहाल, तेव्हा काय पाहिले हे लिहून थांबू नका. गावी परतल्यावर कोणाच्या दारी आपण होऊन जायचे ठरविले, तेही कळवा.