वेढ्याच्या दिवसांतील फळझाडे



‘अनुवाद’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात युद्धासंबंधीचे नियम दिलेले आहेत. त्यांतील अगदी शेवटचा नियम वाचून आपण बहुधा घाईने पुढे जातो, कारण आपल्याला कोणत्याही नगराला वेढा घालावयाचा नसतो. नियम असा : नगर काबीज करण्यास कितीही दिवस लागले, तरी त्याच्या भोवतालच्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये. त्यांची फळे खुशाल खावीत. जी झाडे खाण्याच्या उपयोगाची नाहीत, ती तोडून त्यांच्या लाकडाने वेढ्याची कामे उभारण्यासही मुभा आहे. फळझाड मात्र तोडावयाचे नाही.

हा नियम शांततेच्या काळासाठी दिलेला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शांततेच्या काळात फळझाड कोण तोडतो? तो मोह वेढ्याच्या दिवसांतच होतो. शत्रू समोर असतो, अन्न संपत आलेले असते, हाताला लागेल ते लाकूड हवेसे वाटते आणि उद्याचा विचार ही चैन वाटू लागते. नेमक्या अशा वेळी नियमशास्त्र सैनिकाला थांबवून सांगते की, तुझे संकट खरे आहे, तथापि हे झाड तुझ्या एकट्याच्या संकटासाठी लावलेले नाही.

पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला या ठिकाणचे एक वाक्य हमखास अडवते. प्राचीन हिब्रू लेखनात प्रश्नचिन्ह नसते. ते वाक्य प्रश्न म्हणून वाचले, तर असा अर्थ होतो की, शेतातले झाड म्हणजे काही तुमच्याशी लढणारा मनुष्य नव्हे. मग त्याच्यावर शस्त्र कशासाठी? तेच वाक्य विधान म्हणून वाचले, तर मनुष्याचे जीवन त्या झाडाशी बांधलेले आहे, असा अर्थ निघतो. दोन्ही वाचनांचे समर्थक प्राचीन काळापासून आहेत. भाषांतरकाराला एक अर्थ निवडावा लागतो; वाचकाने मात्र दोन्ही मनात ठेवावेत. जो आपला शत्रू नाही त्याचा नाश करू नये, आणि ज्यावर पुढच्यांचे जीवन अवलंबून आहे त्याचाही करू नये.

या प्राचीन नियमाची आठवण करून देण्याचे कारण असे की, आपल्या पिढीनेही एक वेढा अनुभवला आहे. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले. २०२१ च्या उन्हाळ्यातील दुसरी लाट तर भारतातील कोणत्याही प्रांतात राहणारा मनुष्य सहजासहजी विसरणार नाही. रुग्णालयांत खाटा नव्हत्या, प्राणवायू मिळत नव्हता, आणि कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचा शेवटचा निरोपही घेता आला नाही. त्या दिवसांत मोबाइलवरून औषधांच्या याद्या घरोघर फिरत होत्या, आणि अशा याद्यांत अ‍ॅझिथ्रोमायसिन हे नाव वारंवार आढळत असे. ताप आलेल्यांनी ते घेतले. ताप येईल या भीतीनेही काहींनी ते घेतले. आणि ‘घरात असलेले बरे’ म्हणून कित्येकांनी ते कपाटात आणून ठेवले.

अ‍ॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आहे. बोलताना आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो त्या वर्गातले हे औषध जिवाणूंवर काम करते, विषाणूंवर नाही. कोविड हा विषाणूचा रोग आहे. ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध झाले, आणि कोविडच्या रुग्णांना या औषधाचा लाभ होत नाही हे त्यांतून दिसून आले. तरीही त्याचा वापर किती झाला? भारतातील औषधविक्रीचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचा अंदाज असा की, जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांतच कोविडमुळे प्रतिजैविकांच्या सुमारे २१ कोटी ६४ लाख मात्रा जादा खपल्या. त्यांपैकी ३ कोटी ८० लाख मात्रा एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या होत्या. जगाचे चित्रही निराळे नव्हते. रुग्णालयात दाखल झालेल्या कोविडच्या रुग्णांपैकी सुमारे ८ टक्क्यांनाच जिवाणूंचा संसर्गही झालेला होता. प्रतिजैविके मात्र सुमारे ७५ टक्के रुग्णांना दिली गेली, असे जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२४ मध्ये सांगितले.

‘उपयोग झाला नसेल, पण अपाय तरी काय झाला?’ असे आपण विचाराल. अपाय असा की, आपल्या शरीरात, विशेषतः आतड्यात, असंख्य जिवाणू वस्तीला असतात. आपण प्रतिजैविक घेतो तेव्हा त्यांतले दुबळे मरतात आणि त्या औषधाला दाद न देणारे जे थोडे असतात ते उरतात, वाढतात, आणि आपली ही शक्ती दुसऱ्या जिवाणूंनाही देतात. विषाणूला या साऱ्याची झळही लागत नाही. म्हणजे ज्या शत्रूवर कुऱ्हाड उगारली तो सुखरूप राहतो आणि झाड मात्र तुटते.

हे कोणते झाड, तेही पाहू. आपल्या देशात टायफॉइड, म्हणजे विषमज्वर, अद्याप गेलेला नाही. त्यावरची जुनी औषधे एकामागून एक निकामी होत गेली. शेजारच्या पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ च्या अखेरीस विषमज्वराची अशी साथ सुरू झाली की, तिच्या जंतूंवर बहुतेक सर्व औषधे व्यर्थ ठरली. तोंडाने घेण्याजोगे एकच औषध खात्रीचे उरले, आणि ते होते अ‍ॅझिथ्रोमायसिन. ज्या गावात शिरेतून औषध देण्याची सोय नाही, तेथील तापाने फणफणलेल्या मुलासाठी ती गोळी म्हणजे शेवटचे फळझाड होय. आणि आपण तिचा उपयोग मनाच्या समाधानासाठी केला!

पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्यांनी एक कल्पित उदाहरण दिले होते. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने पेनिसिलिन घेतो. पण जंतू मरावेत इतके घेत नाही, त्यांना औषधाची ओळख व्हावी इतकेच घेतो. त्याच्यापासून त्याच्या पत्नीला संसर्ग होतो. तिला न्यूमोनिया झाल्यावर तेच औषध देतात, परंतु आता जंतू त्याला जुमानत नाहीत, आणि ती मरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न करून फ्लेमिंग पतीकडे बोट दाखवतात.

या उदाहरणातील पती दुष्ट नाही, हे ध्यानात घ्या. त्याने पत्नीचे काही वाईट इच्छिले नव्हते. त्याने एवढेच गृहीत धरले की, औषध माझे, शरीर माझे, पैसा माझा. यात दुसऱ्याचा काय संबंध? हीच समजूत तपासून पाहावयास हवी. डोकेदुखीची गोळी मी घेतली, तर तिचा गुण माझ्यापुरता असतो. प्रतिजैविक तसे नाही. माझ्या हातातील गोळी मी विकत घेतलेली असेल, पण तिच्यातील सामर्थ्य मी विकत घेतलेले नसते. ते सर्वांचे आहे, आणि प्रत्येक वापराबरोबर थोडे थोडे खर्च होते. अशा वस्तूचे आपण मालक नसतो, कारभारी असतो. आणि कारभाऱ्याविषयी प्रभू येशूने काय शिकवले आहे, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

मग माझा शेजारी कोण? २०१६ साली दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बालकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग आढळला, त्यांच्या शरीरातील जंतूंचा मोठा भाग अनेक औषधांना दाद देत नव्हता. त्या बालकांनी आपल्या मनाने एकही गोळी घेतलेली नव्हती. आपण ज्या जगात जन्मलो ते असेच का, हे विचारण्याइतकेही त्यांचे वय नव्हते. जिवाणूंच्या या प्रतिकारशक्तीमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी मनुष्य वाटेवर निदान दिसत तरी होता. आपला हा शेजारी दिसत नाही, त्याचे नावही कळत नाही. कदाचित तो अद्याप जन्मलेलाही नसेल.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. पोटचे मूल तापाने तळमळत असताना कोणत्या आईने दूरच्या अनोळखी बालकाचा विचार करावा? अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे नव्हे काय? माझे उत्तर असे की, बहुतेक प्रसंगी हा पेच खराच नसतो. रोग विषाणूचा असेल, तर प्रतिजैविक न दिल्याने त्या मुलाचे काहीच हिरावले जात नाही. आईने जे सोडावयाचे ते मुलाचे आरोग्य नव्हे, तर काहीतरी केल्याचे समाधान. तेही सोडणे सोपे नाही, हे मी जाणतो. परंतु शेजाऱ्याच्या जिवापुढे त्याचे मोल किती?

काही प्रसंगी मात्र पेच खरा असतो. तपासणीची सोय नाही, श्वास लागलेला आहे, छातीत जिवाणूंचा संसर्ग आहे की नाही ते सांगता येत नाही, अशा वेळी एखाद्या डॉक्टरने प्रतिजैविक दिले, तर त्याला दोष देऊ नये. फळे खाण्यास नियमशास्त्राची मनाई नाही. ज्याला गरज आहे त्याला हे औषध वेळेवर आणि पुरेसे मिळालेच पाहिजे; ते न मिळाल्यानेही गोरगरीब मरतात. प्रश्न वापराचा नाही, उधळपट्टीचा आहे.

आणि गरिबांवर सगळे खापर फोडण्याचा मोहही टाळला पाहिजे. ज्याचा एक दिवस बुडाला तर चूल पेटत नाही, ज्याला डॉक्टरची फी परवडत नाही, तो थेट औषधाच्या दुकानात जातो आणि दोन गोळ्या मागतो. त्याला उपदेश करणे फार स्वस्त आहे. ज्यांच्याजवळ ज्ञान आहे, लेखणी आहे, दुकानाचा परवाना आहे, अधिकार आहे, त्यांच्याकडून अधिक हिशेब मागितला जाईल.

कायद्याने आपल्या परीने प्रयत्न केले आहेत. १ मार्च २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक झाले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये अशा औषधांच्या वेष्टनावरील तांबड्या रेघेविषयी २०१६ साली देशभर प्रचार झाला. केरळ राज्याने २०१८ साली आपला स्वतंत्र कृती आराखडा केला, आणि २०२४ साली चिठ्ठीवाचून प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांची अचानक तपासणी सुरू केली. दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा सप्ताह या विषयाच्या जागृतीसाठी जगभर पाळतात. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु आपल्या भाषेत एक म्हण आहे, कळते पण वळत नाही. जागृती कळण्यापर्यंत नेते. वळण्यासाठी विवेकबुद्धी लागते, आणि ती घडवणे हे मंडळीचे काम आहे.

ते काम मोठे आहे, पण अवघड नाही. प्रतिजैविक आपल्या मनाने घेऊ नये. घेतल्यास डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला प्रेमाने देऊ नयेत, कारण ते प्रेम नव्हे. डॉक्टरांनी ‘याची गरज नाही’ म्हटले, तर त्यांच्यावर रुष्ट होऊन दुसरा डॉक्टर गाठू नये. संसर्गच टळला तर औषधाची गरजही टळते, म्हणून स्वच्छ पाणी, हातांची स्वच्छता आणि लसीकरण यांकडे लक्ष द्यावे. नवी मुंबईत २०१८ साली महानगरपालिकेने मुलांना विषमज्वराची लस देण्याची मोहीम काढली. असा प्रत्येक उपक्रम म्हणजे एका फळझाडाभोवती घातलेले कुंपणच होय. मिरज आणि वेल्लोर येथील मिशनरी रुग्णालयांची परंपरा अभिमानाने सांगणाऱ्या आपल्या समाजाने या बाबतीतही मागे राहू नये. आपल्यात कितीतरी परिचारिका, डॉक्टर आणि औषधविक्रेते आहेत. त्यांपैकी एकाला एखाद्या रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटे बोलू द्यावे.

वेढा एक दिवस उठतो. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचे सांगितले. पुन्हा कधीतरी दुसरी साथ येईल, पुन्हा भीती दाटेल, आणि कुऱ्हाड पुन्हा हाताशी असेल. त्या वेळी आपल्यामागून येणाऱ्यांसाठी झाडे उभी राहावीत, एवढी सुबुद्धी परमेश्वर आपणा सर्वांस देवो.