पहारा कोणाचा?

संतसज्जनहो, अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा असतो, हे आपणांस ठाऊकच आहे. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मध्यरात्रीही कोणीतरी डोळ्यांस पाणी लावून उभा असतो. हा झाला देवाचा पहारा. आता आपापल्या घरात डोकावा. रात्रीचे दोन वाजलेले, आणि कॉलेजात जाणारा मुलगा पांघरुणात जागाच. हातात मोबाइल, तोंडावर त्याचा उजेड. हाही पहाराच; पण कोणाचा?

गेल्या वारीत आमच्या दिंडीत आजीबरोबर चालणारा असा एक मुलगा होता. इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष. मुक्कामी सारे निजले तरी हा तंबूच्या कडेला बसलेला. मी विचारले, "बाळा, काय पाहतोस?" म्हणाला, "महाराज, वाईट काही नाही. कीर्तनेच पाहतोय." शेजारी बसून पाहिले. कीर्तन खरेच होते, पण अर्ध्या मिनिटाचे! त्यामागे क्रिकेट, त्यामागे कोणाचे भांडण, मग पुन्हा कीर्तन. आमच्या परंपरेत एका अभंगावर दोन तास चिंतन चालते. इथे चित्त कशावरच टेकत नव्हते. हशा पिकवणारे तुकडे पुरवणारे आम्ही कीर्तनकारही यात निर्दोष नाही.

थोड्या वेळाने त्याने मोबाइल पालथा ठेवला आणि हळूच म्हणाला, "महाराज, दोन विषय राहिलेत. घरी सांगितलेले नाही. बंद करावा म्हणतो, पण हात ऐकत नाही."

हात का ऐकत नाही? पोथीला अध्याय असतो, अध्यायाला समाप्ती असते. ही पडद्यावरची पोथी मात्र संपूच नये अशीच बांधलेली. तळ गाठावा तो पुढचे आपोआप हजर! ही युक्ती अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ साली काढली, आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. शिवाय दहांत एखादेच गोड लागते. ते केव्हा येईल हे कळत नाही, म्हणून बोट थांबत नाही. जुगाऱ्याचे तरी याहून निराळे काय असते? जितका वेळ पोर पाहील तितक्या जाहिराती खपतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ साली अशा व्यसनासाठी वेगळा उपचार विभाग निघाला. तेव्हा पोराला नुसते आळशी म्हणून हिणवू नका.

कोणी म्हणेल, मग मोबाइल विहिरीत टाकावा काय? तसे नव्हे. अभ्यासही आता त्यावरच असतो. आपण एकादशी करतो म्हणजे अन्न कायमचे सोडतो काय? भूक आपल्या ताब्यात आहे, हे एक दिवस स्वतःलाच दाखवतो. तशीच याचीही एकादशी हवी. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ च्या ऑगस्टमध्ये गावाने ठरवले, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघर टी.व्ही. आणि मोबाइल बंद. नेम एकट्या पोराला नव्हता, साऱ्या गावाला होता. बापाने मोबाइल चाळीत मुलाला उपदेश केला, तर तो कोण ऐकणार?

वीणेकऱ्याची वेळ भरली की दुसरा येऊन वीणा उतरवून घेतो. आपल्या पोराला या पहाऱ्यावरून सोडवायला कोण येणार? आईबापांनीच यावे, पण काठी घेऊन नव्हे.

त्या मुलाने सकाळी आजीला सारे सांगितले. म्हातारी रागावली नाही. एवढेच म्हणाली, "रात्री तो डबा माझ्या वळकटीत ठेवत जा." पहिल्या रात्री पोर कुशी बदलत राहिले. तिसऱ्या रात्री टाळ बाजूला ठेवताच झोपले. व्यसन सुटले असे मी म्हणत नाही. पण काकड्याला आपणहून उठलेला तो मुलगा मी डोळ्यांनी पाहिला.

सज्जनहो, जागायचेच तर ज्याच्यासाठी जागावे तो विटेवर उभा आहे. रामकृष्णहरि!