रंग कशासाठी?

मनुष्य एखादी वस्तू घासूनपुसून रंगवितो, तेव्हा तो ती शुद्ध करीत असतो की झाकीत असतो, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. घराच्या भिंतीपासून देवघरातील चौरंगापर्यंत रंगविण्याची कामे प्रत्येक गृहस्थाच्या वाट्यास येतात आणि ती करताना कोणी तत्त्वचिंतन करीत बसत नाही. परंतु जेथे रंग लावला काय आणि न लावला काय, सहसा पाहणारे कोणी नसते, तेथे हाच प्रश्न निराळे रूप धारण करतो. मोटारीचे इंजिन हे असे एक ठिकाण होय. ते बॉनेटखाली दडलेले असते. मोटारीत बसणाऱ्यास ते दिसत नाही आणि रस्त्याने जाणाऱ्यास तर नाहीच नाही. तरीही जगात असे काही गृहस्थ आहेत, की जे आपल्या सुटीचे दिवस खर्चून एखादे जुने, काळेकुट्ट इंजिन धुतात, खरवडतात आणि मग त्यास रंग देतात. हे लोक मोटार तयार विकत घेत नाहीत. ती घरी, स्वतःच्या हातांनी बांधतात.

ही प्रथा विशेषतः ब्रिटनमध्ये रुजली, आणि तिच्या मुळाशी हौसेइतकीच काटकसरही होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे तयार मोटारीवर भारी खरेदी-कर द्यावा लागे. सुट्या भागांच्या संचावर तो नसे. १९५७ साली निघालेली ‘लोटस सेव्हन’ ही चिमुकली उघडी मोटार अशा संचाच्या रूपानेही विकली जाई. जोडणीच्या सूचना संचाबरोबर देण्यास मनाई होती, म्हणून कंपनीने मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटापासून आरंभाकडे वाचाव्यात अशी सोय केली, ही हकीकत आजही चवीने सांगितली जाते. १९७३ साली तो कर गेला व त्याजागी दुसरा आला. पण घरी मोटार बांधण्याची हौस काही गेली नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाने अवघ्या अडीचशे पौंडांत अशी मोटार कशी बांधावी याचे एक पुस्तक लिहिले. त्यानुसार पोलादी नळ्यांचा सांगाडा घरी जोडावयाचा आणि इंजिन, गिअरपेटी वगैरे भाग भंगारात निघालेल्या फोर्ड एस्कॉर्ट मोटारीतून घ्यावयाचे. त्या पुस्तकामुळे कित्येकांच्या घरामागील खोपटांत वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या.

अशा गृहस्थापुढे ते भंगारातले इंजिन येऊन पडते तेव्हा त्याचे रूप कसे असते? बिडाचा एक जड ठोकळा; त्याच्या अंगावर वर्षानुवर्षे पाझरलेल्या तेलाचा आणि रस्त्यावरील धुळीचा बोटभर जाडीचा लेप; कोठे तांबूस गंज, कोठे पाण्याचे पांढरट डाग. प्रथम मोहरी, पोळपाटावरचे पीठ अथवा चुलीवरची काजळी पुसावी इतक्या सहजतेने हे काम होईल असे त्यास वाटते. पण जाणता माणूस त्यास आधी थांबवितो. पाण्याचा किंवा रॉकेलचा थेंब टाकण्यापूर्वी इंजिनाची सगळी तोंडे बंद करावयाची असतात: हवा आत जाण्याचे द्वार, धूर बाहेर पडण्याची द्वारे, ठिणगीच्या प्लगांची भोके, तेल ओतण्याचे तोंड. कारण इंजिनाच्या आत बेअरिंग आणि फिरता दांडा यांमध्ये तेलाला जी जागा ठेवलेली असते, ती मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजावी लागते. बाहेरचा मळ काढताना त्यातील खडा त्या जागेत शिरला, तर बाहेरून लखलखीत दिसणारे इंजिन थोड्याच मैलांत आतून ओरबाडले जाते. कित्येकजण बारीक काचमण्यांचा मारा करणाऱ्या यंत्राने इंजिन क्षणात चकचकीत करून घेतात आणि तेच मणी तेलाच्या वाटांत अडकून पुढे घात करतात. बाह्य शुद्धीच्या घाईने अंतःशुद्धी बिघडावी याचे याहून रोकडे उदाहरण मिळणे कठीण.

तोंडे बंद झाली की खरे काम सुरू होते. लाकडी किंवा पातळ पात्याने जाड थर खरवडावयाचा, रॉकेलात बुडविलेल्या कुंचल्याने उरलेले वंगण विरघळवावयाचे, तारेच्या ब्रशाने गंज झाडावयाचा, मग पुन्हा धुवावयाचे, पुन्हा पुसावयाचे. पांढरे फडके काळे होते, दुसरे घ्यावे लागते. सुटे केलेले भागही एकाच औषधाने धुता येत नाहीत. बिडाला जो कॉस्टिक सोडा मानवतो तोच अॅल्युमिनियमच्या भागास खाऊन टाकतो. या कामात शौर्य नाही, चातुर्यही फारसे नाही. त्यात केवळ अवधान लागते. आणि या अवधानाचे फळ मोठे विलक्षण आहे. इंजिन धुणारा माणूस हातभर अंतरावरून त्याचा प्रत्येक बोटभर भाग पाहतो. ओतकामाच्या वेळी आतली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके पत्र्याच्या चकत्यांनी बंद केलेली असतात. त्यांतील एखादी चकती गंजून कागदासारखी झाल्याचे त्यास प्रथमच कळते. कोणता नट झिजला आहे, तेल नेमके कोणत्या सांध्यातून पाझरत होते, हे मळ निघताना क्रमाक्रमाने उघड होते. धुणे म्हणजे वस्तुतः पाहणे होय.

आता कोणी म्हणेल, धुतले ते ठीक. पण रंग कशासाठी? तो तर निव्वळ दंभ. मेळाव्यात बॉनेट उघडून चार लोकांची वाहवा मिळविण्याची ती युक्ती आहे. तपासनीस घरगुती मोटारीची परीक्षा घेतो तेव्हा ब्रेक पाहतो, दिवे पाहतो, सुकाणू पाहतो, इंजिनाच्या रंगास गुण देत नाही. ही शंका अगदीच निराधार नाही. आपल्याकडेही खंडेनवमीस वाहनाला झेंडूची माळ घालणारे पुष्कळ आणि त्या निमित्ताने बॉनेट उघडून तेलाची पातळी पाहणारे थोडे, असेच दिसते. वरून कीर्तन आणि आतून तमाशा ही म्हण यंत्रासही लागू पडावी इतका हा दोष सार्वत्रिक आहे.

तथापि शंकाकाराने एक गोष्ट ध्यानात घेतलेली नाही. मळावर रंग बसत नाही. तांब्यापितळेच्या भांड्यास कल्हई करणारा कारागीर आधी भांडे घासून लखलखीत करतो, कारण चिकट भांड्यावर कथील धरत नाही. तशीच इंजिनाची गोष्ट आहे. पुसलेल्या बिडाला उघड्या बोटाचा स्पर्श झाला, तर बोटाच्या स्निग्धतेपुरता रंग पुढे फोडाप्रमाणे सुटून येतो. म्हणजे खोटा रंग लावता येत नाही असे मात्र नव्हे. तो लावता येतो, परंतु इंजिन काही वेळा तापून निवाले की तो पापुद्र्याने गळू लागतो. शिवाय उघडे बीड दमट हवेत लवकर गंजते, म्हणून त्यास उष्णतेत टिकणाऱ्या रंगाचे पातळ थर देणे हे संरक्षणही आहे. पातळ म्हणण्याचे कारण असे, की जाड लेप उष्णता कोंडतो. आणि रंग कोठे लावू नये हे कळणे तर लावण्याहून महत्त्वाचे आहे. दोन भाग जेथे एकमेकांवर घट्ट बसतात ते घासलेले पृष्ठभाग, विजेची तार जेथे लोखंडास जोडावयाची ती जागा, आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक, ही कोरी राहिली पाहिजेत. क्रमांक बुजविणारा रंग तर संशयासच पात्र ठरतो.

सर्वांत विचार करण्याजोगा प्रश्न रंगाच्या छटेचा आहे. कित्येक अनुभवी मोटार बांधणारे इंजिनास मुद्दाम फिकी राखाडी किंवा तशीच उजळ छटा देतात. काळ्या इंजिनावर काळे तेल दिसत नाही. फिक्या इंजिनावर तेलाचा एक थेंबही काजळाच्या तिटेप्रमाणे उठून दिसतो. हा रंग दोष झाकण्यासाठी लावलेला नाही, उद्या उत्पन्न होणारा दोष लपू नये म्हणून लावलेला आहे. रंगाची डबी तीच, कुंचला तोच. परंतु एका हातात तो पडदा होतो आणि दुसऱ्या हातात आरसा.

ही कसोटी सोपी वाटली तरी तिचा खरा प्रसंग फार कठीण असतो. समजा, त्या गृहस्थाने आठवडाभर खपून इंजिन स्वच्छ केले आणि शेवटच्या थराखाली त्यास ठोकळ्याच्या कुशीत केसासारखी बारीक चीर आढळली. थंड प्रदेशात हे घडते. इंजिनातील पाण्यात गोठणरोधक द्रव घालण्याचा कोणी आळस केला की थंडीत पाणी गोठते, गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि त्या जोरापुढे बीडही तडकते. अशा चिरेतून पाणी झिरपत राहिले तर इंजिन तापते, हेड वाकते. पाणी तेलात मिसळले तर बेअरिंगांचा नाश होतो. चीर धातूच्या खिळ्यांनी शिवण्याची विद्या आहे, पण तिला पैसा पडतो. उलट चिरेत थोडी लांबी भरून, घासून, वर दोन हात रंग दिला, तर ती कोणासही दिसणार नाही, आणि धुऊन रंगविलेल्या इंजिनाला मळक्या इंजिनापेक्षा किंमत अधिक येते.

या ठिकाणी मन जे युक्तिवाद करते ते ऐकण्यासारखे आहेत. ज्याने ते विकले त्याने तरी कोठे सांगितले होते? जुना माल जसा आहे तसा घ्यावयाचा, हा बाजाराचा रिवाजच आहे. यात अर्धसत्य आहे. विकणाऱ्यास कदाचित चीर ठाऊकच नव्हती, कारण त्याने मळ कधी काढला नव्हता. परंतु ज्याने काढला त्यास ती सबब आता उरलेली नाही. मळक्या इंजिनाचा विक्रेता अज्ञानाच्या आश्रयाने निर्दोष राहू शकतो. धुणाऱ्याने तो आश्रय स्वतःच्या हातांनी खरवडून टाकलेला असतो. कित्येकजण यंत्र, हिशेबाची वही किंवा घरातील जुनी भांडणे मुद्दामच धुऊन पाहत नाहीत, त्याचे कारण आळस नसून हे भय असते. दिसले की करावे लागेल. म्हणून पाहूच नये. अशा अज्ञानास निर्दोष म्हणणे कठीण आहे. न जाणणे आणि जाणून घेण्याचे टाळणे यांत मोठे अंतर आहे, आणि बाजाराचा रिवाज ते पुसू शकत नाही.

चीर सापडलेल्या गृहस्थापुढे मग तीन वाटा राहतात: ती शिवून घेणे, ती दाखवून कमी किमतीस विकणे, किंवा ते बीड पुन्हा भट्टीत पाठविणे. तिन्हींत नुकसान आहे. आठवड्याचे श्रम वाया गेल्याचे दुःखही आहे. मात्र ते श्रम खरोखरच वाया गेले काय? इंजिन सांगाड्यात बसल्यावर, चाकामागे कुटुंबातील माणसे असताना, भर रस्त्यावर जी गोष्ट कळली असती ती खोपटात, बाकावर कळली. धुण्याचे काम येथे सफल झाले आहे, जरी रंगविण्याची वेळच आली नाही.

शौचाचा आणखी एक पैलू सहसा विसरला जातो. मळ नाहीसा होत नाही, तो केवळ जागा बदलतो. इंजिनावरून निघालेले काळे रॉकेल अंगणाच्या गटारात ओतले, तर आपले इंजिन निर्मळ झाले आणि कोणाची तरी नदी मळली. थोडेसे तेलही पाण्याच्या केवढ्या तरी पृष्ठावर तवंग धरते. म्हणून विवेकी माणूस खाली परात ठेवून धुतो, गाळ निवू देतो, वरचे रॉकेल पुन्हा वापरतो आणि उरलेला कचरा डब्यात भरून, जेथे जुने तेल गोळा केले जाते तेथे नेऊन देतो. ब्रिटनमध्ये गावोगावच्या नगरपालिकांनी अशी केंद्रे ठेविली आहेत. जेथे ती नाहीत तेथे तो डबा महिनोन्महिने खोपटात पडून राहतो आणि घरातील मंडळींची बोलणी खातो. तरी गटारापेक्षा ते बरे.

आणि सारे यथासांग झाल्यावर, इंजिन सांगाड्यात बसविल्यावर, पहिल्यांदा ते सुरू करण्याचा दिवस येतो. शेजारी कुंपणापाशी जमतात, मुले कानांवर हात ठेवतात. इंजिन दोनदा खोकते आणि धरते. त्या आनंदाच्या भरात जाणता गृहस्थ मात्र हातात विजेरी घेऊन खाली वाकलेला असतो. पेट्रोलच्या पंपाखाली, फिक्या राखाडी रंगावर, एक ओलसर काळी रेघ हळूहळू उतरताना त्यास दिसते. तो इंजिन बंद करतो, जमलेल्यांस आज फेरी होणार नाही असे सांगतो आणि पाना शोधू लागतो.