गणवेश उतरल्यावर

इंदूरच्या जुन्या मराठी घरांना सैनिक परका नाही. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. पुढे १८१८ च्या मंदसोर तहानंतर महूची छावणी वसली. आज निवृत्त सैनिक आपल्या बँकांत, कारखान्यांत दुसरी नोकरी धरतात. त्यांच्या शिस्तीचे आपण कौतुक करतो. पण त्या शिस्तीआड एखादे अस्वस्थ मन असेल, तर त्याचा भार कोणी वाहावा?

हा प्रश्न दयेचा की ऋणाचा? दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते, ऋण तसे नसते. सैनिकाच्या जागरणावर ज्या समाजाची झोप अवलंबून होती, त्याच समाजाचा कार्यालय हा एक भाग आहे. ‘आमचा संबंध केवळ कामाशी’ असे त्याला म्हणता येणार नाही.

महूच्या लष्करी शाळेत शिकविणारे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात रोखपाल झाले. १९०१ साली त्यांना भेटावयास निघालेल्या मुलांना मसूर स्थानकावर जातीमुळे बैलगाडी मिळेना. तो अन्याय जातीचा होता आणि त्याची जात वेगळीच. तरीही एक गोष्ट त्यातून दिसते. गणवेशाला केलेला नमस्कार माणसापर्यंत पोहोचतोच असे नाही.

यावर आक्षेप येईल, की प्रत्येक माजी सैनिकाला रुग्ण समजणे हाही अन्यायच. आक्षेप रास्त आहे. बहुतेकजण नव्या कामात उत्तम रुळतात. आणि ज्यांना त्रास होतो, ते याच शिक्क्याच्या भीतीने गप्प राहतात. पलटणीत दुःख वाटून घेणारे सोबती असतात, कार्यालयात तो एकटाच असतो. पुष्कळदा रणभूमीच्या आठवणींपेक्षा सोबत आणि प्रयोजन हरपल्याचे दुःख मोठे असते. म्हणून शिक्का नको, दार उघडे हवे. ‘किती मारले?’ असे विचारू नये; जबाबदारीचे काम द्यावे; उपचारासाठी रजा देताना चौकशी मांडू नये. उपचाराचा हक्क आणि गोपनीयता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सर्वांनाच दिली आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणालाही विनामूल्य बोलता येते. परंतु तो क्रमांक फिरविण्याचे धैर्य शेजारच्या मेजावरील माणसाकडूनच मिळते.

२०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर फार तर चतुर्थांश अग्निवीर सैन्यात कायम होणार; उरलेले ऐन पंचविशीच्या आत-बाहेर आपल्या दारी येतील. त्यांना नोकरी देणे हा ऋणफेडीचा आरंभ होय. त्यांच्या मौनाकडे लक्ष ठेवणे, हा तिचा अवघड भाग.