उबेची झडप

देश, काळ आणि पात्र पाहून दान द्यावे, असे गीतेने सांगितले आहे. दिलेला हात मागे केव्हा घ्यावा, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवायचा असतो. घराघरांतून तो रोज उभा राहतो. मला त्याचे उत्तर थोडेफार सापडले ते जुन्या मोटारींच्या एका लोखंडी झडपेत.

आपल्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीला वैल असे. चुलीतून निसटणारी आच वैलाकडे जाई आणि त्यावर ठेवलेले दूध किंवा आमटी वेगळे जळण न घालता ऊन राही. मोटारीच्या इंजिनातही एके काळी असा वैल होता.

पेट्रोल जळते असे आपण म्हणतो. खरे तर जळते ती त्याची वाफ. साधारण १५ भाग हवेत १ भाग पेट्रोल, असे वजनी प्रमाण कार्बुरेटरने राखायचे असते. पण कडाक्याच्या थंडीत इंजिनाच्या नळ्या गार पडलेल्या असतात. पेट्रोलची वाफ न होता त्याचे थेंब नळीच्या अंगाला चिकटतात. मग चोक ओढून जास्त पेट्रोल पाजावे लागते. त्यातले न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि खाली उतरून इंजिनातले तेल पातळ करते. आणि गंमत अशी, की जळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश उष्णता त्याच वेळी धुराबरोबर मागच्या नळीतून वाया जात असते!

डेट्रॉइटच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो. तिथल्या मोटारवाल्यांना ही उधळपट्टी परवडणारी नव्हती. त्यांनी धुराच्या वाटेवर एक झडप बसवली. इंजिन गार असताना ती सरळ वाट अडवते आणि तापलेला धूर कार्बुरेटरच्या पायथ्याकडे वळवते. झडपेच्या दांडीला दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग आणि एक लहानसे वजन असते. धुराच्या उष्णतेने स्प्रिंग हळूहळू सैल पडते, वजन कलते आणि धुराला सरळ वाट मोकळी होते. शेवरोलेच्या १९३७ ते १९५३ या काळातल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनात अशी झडप होती. शेवरोले गाड्या आपल्याला परक्या नव्हत्या. १९२८ पासून १९५४ पर्यंत जनरल मोटर्सच्या मुंबईच्या कारखान्यात, शिवडीला, त्यांची जोडणी होत असे. पेट्रोल इंजेक्शनच्या आजच्या गाड्यांत ही झडप नसते. जुन्या गाड्या जपणाऱ्या हौशी माणसांनाच आता तिची काळजी.

ही झडप दोन तऱ्हांनी बिघडते. गंज आणि काजळी धरून ती कधी उघडी अडकते, कधी मिटलेली. उघडी अडकली, तर बिघाड पहिल्या पाच मिनिटांत कळतो. गाडी खोकते, अडखळते, चौकात बंद पडते. मिटलेली अडकली, तर मात्र सकाळी गाडी झकास सुरू होते. मालक खूश असतो. पुढे चढावर गाडीचा दम तुटतो. फाजील उष्णतेने आत जाणारी हवा विरळ झालेली असते, कार्बुरेटरमध्ये पेट्रोल उकळू लागते. आणि दोष कोणाला? पेट्रोलला, कार्बुरेटरला, उन्हाला. सकाळी ज्या उबेने गाडी चालू झाली, तिच्यावर संशय घेणार कोण?

माझ्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. कापडाचे दुकान त्यांनी मुलाच्या हाती सोपवले, त्याला बरीच वर्षे झाली. मुलगा आता बेचाळीस वर्षांचा आहे. तरी हे रोज सकाळी जाऊन रोजमेळ तपासतात. नवा माल भरायचा म्हटले, की मुलाची नजर आधी वडिलांकडे वळते. लोक म्हणतात, मुलात धमक नाही. वडिलांच्या मायेला बोल लावायचे कोणाच्या मनात येत नाही. मुलाच्या तर नाहीच. एकदा मी हळूच विषय काढला, तर ते म्हणाले, "अहो, मी हात काढला आणि दुकान बसले, तर?"

त्यांची भीती खोटी नाही. मदत मुळी करूच नये, ज्याने त्याने आपल्या पायांवर उभे राहावे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. उबदार प्रदेशातले काही मोटारमालक ही झडप तारेने उघडीच बांधून टाकतात, आणि तिथे ते खपूनही जाते. पण तोच नियम डेट्रॉइटच्या जानेवारीत लावून कसे चालेल? स्वावलंबनाची व्याख्याने देणारे बहुधा उबदार घरात जन्मलेले असतात.

तेव्हा प्रश्न मदत करण्या-न करण्याचा नाहीच. झडपेला जी उष्णता वळवायची असते, तीच तिच्या स्प्रिंगलाही लागते, आणि तीच तिला सांगते की आता बाजूला हो. आपल्या मदतीचा गुण दिसू लागला, हीच ती कमी करण्याची सूचना. शिवाय झडप काही फटकन उघडत नाही; जितकी ऊब, तितकी वाट. त्या गृहस्थांनी एकदम दुकान सोडावे, असे कोण म्हणते? या आठवड्यात रोजमेळ मुलानेच मिटवावा, पुढच्या महिन्यात मालही त्यानेच भरावा.

यात दुःख आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. कालपर्यंत ज्या उबेवाचून घर चालत नव्हते, ती आज मागच्या नळीतून निघून जाताना पाहावी लागते. पण उघडी राहिलेली झडप रिकामी बसलेली नसते. वाट न अडवणे हेही तिचेच काम. रात्री इंजिन पुन्हा गार होते, आणि सकाळी तिला पुन्हा मिटावे लागते. मुलावर उद्या एखादा बिकट प्रसंग आला, तर बापाने धावायचे नाही, असे थोडेच आहे!

म्हणून जाणता मिस्त्री इंजिन गार असताना बाहेरचे ते लहानसे वजन बोटाने हलवून पाहतो. झडप आज कोणत्या बाजूला आहे, याची त्याला फिकीर नसते. ती सहज फिरते की नाही, एवढेच तो बघतो.