रोवलेला खांब आणि रुजलेले झाड

स्वातंत्र्याला दृश्य रूप देण्याची वेळ ज्या ज्या समाजावर आली, त्या त्या समाजाने ते रूप आपल्या नित्य परिचयाच्या वस्तूंतूनच निवडले. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व फ्रान्स या देशांतील क्रांतिकारकांनी जेव्हा राजमुकुटाच्या जागी झाडाची प्रतिष्ठापना केली, तेव्हा त्यांनी केवळ एक शोभेचे चिन्ह निवडले नव्हते, तर सत्तेचे मूळ दरबारात नसून भूमीत आणि भूमीवर राबणाऱ्या रयतेत आहे, हा नवा सिद्धान्त चित्ररूपाने मांडला होता. या चिन्हाचे पुढे काय झाले, आणि आपल्या मुलखात, विशेषतः सातपुड्याच्या कुशीत, झाड व स्वातंत्र्य यांचे नाते कोणत्या निराळ्या वाटेने गेले, याचा विचार आपल्याकडे व्हावा तितका झालेला नाही, म्हणून हा प्रयत्न.

बोस्टन शहरातील एका जुन्या एल्म वृक्षावर 14 ऑगस्ट 1765 रोजी मुद्रांक-कराच्या अधिकाऱ्याची प्रतिमा टांगण्यात आली आणि त्या दिवसापासून ते झाड लोकांच्या सभांचे स्थान झाले. पुढच्या वर्षी तो कर रद्द झाला, त्या आनंदोत्सवासाठी तेल लावलेल्या कागदाचा, आतून दिव्यांनी उजळणारा एक चौकोनी मनोरा उभारण्यात आला. तो मनोरा त्याच रात्री जळून गेला. परंतु पॉल रिव्हिअर या कारागिराने त्याच्या चारही बाजूंचे जे कोरीव चित्र करून ठेवले ते शिल्लक आहे, आणि त्यात स्वातंत्र्यवृक्षाच्या शेंड्यावरील घरट्यात आपल्या पिल्लांना भरवणारी गरुडमादी दिसते. या चित्रातले झाड निव्वळ अलंकार नाही. ते आश्रयस्थान आहे, आणि ज्यांनी 1775 मध्ये त्या एल्मवर कुऱ्हाड चालवली त्या राजनिष्ठांनाही त्याचे हे सामर्थ्य पुरते उमगले होते.

फ्रान्समध्ये हीच कल्पना अधिक खोल गेली, कारण तिथल्या खेड्यांत वसंतोत्सवाच्या वेळी जंगलातून उंच सोट आणून चव्हाट्यावर रोवण्याची आणि त्याभोवती नाचण्याची प्रथा क्रांतीच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली होती. 1790 च्या सुमारास शेतकऱ्यांनी जमीनदारांच्या हक्कांविरुद्ध जे खांब उभारले, ते याच उत्सवी खांबांचे वंशज होत. लेस्यूर बंधूंनी पुठ्ठ्यावर रंगवलेल्या आणि आज पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयात असलेल्या चित्रमालिकेत स्वातंत्र्यवृक्ष लावण्याचा एक प्रसंग आहे. त्यात फिती बांधलेले कोवळे झाड, वाद्ये वाजवणारे लोक, गावचे अधिकारी आणि सैनिक असा सारा गाव एका खड्ड्याभोवती जमलेला दिसतो. 1792 मध्ये जर्मन कवी गटे याने फ्रान्सविरुद्धच्या लष्करी मोहिमेवर असताना रंगवलेल्या एका जलरंगचित्रात मात्र टोपी घातलेला नुसता खांब आहे. खांब आणि झाड यांतला हा भेद चित्रकारांपुरता नव्हता. बिनमुळांचे हजारो खांब वाळून गेल्यावर, 1794 च्या जानेवारीत राष्ट्रीय सभेला हुकूम काढावा लागला, की प्रत्येक गावाने मुळांसकट जिवंत झाड लावावे.

परंतु हुकुमाने लावलेले झाड हुकुमानेच उपटता येते. राजसत्ता परतली तेव्हा कित्येक झाडे उखडली गेली; 1848 च्या क्रांतीत ती पुन्हा लावली गेली आणि 1850 मध्ये पॅरिसच्या पोलीसप्रमुखाच्या आज्ञेवरून पुन्हा तोडली गेली. या साऱ्या उलथापालथीतून मला जो निष्कर्ष अटळ वाटतो तो असा, की झाड हे स्वातंत्र्याचे चिन्ह तोवरच जिवंत राहते, जोवर त्या चिन्हामागे खऱ्या झाडावरील, खऱ्या जमिनीवरील लोकांचा हक्क उभा असतो. तो हक्क गेला की उरतो तो शासकीय समारंभाचा खांब.

आता आपल्या मुलखाकडे वळू. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगत, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर खापर हे बाजाराचे गाव आहे. त्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा चढत जातात आणि त्या रांगांत काठी हे जुन्या मेवासी संस्थानाचे ठिकाण आहे. काठीच्या राजवाडी होळीला दूरदूरच्या पाड्यांवरून आदिवासी बांधव रात्रभर चालत येतात. होळीचा दांडा म्हणून जंगलातून निवडून आणलेला अतिशय उंच बांबू असतो. त्याच्यासाठीचा खड्डा कोणत्याही अवजाराविना, नुसत्या हातांनी उकरला जातो. मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर राखेची नक्षी काढलेले, कमरेला भोपळे बांधलेले व्रतस्थ बुध्ये रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. फ्रान्सच्या खेड्यातील वसंतस्तंभ आणि काठीचा हा बांबू यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे उघड आहे; तरीही दोन्हीकडे गाव आपले ऐक्य जंगलातून आणलेल्या एका सोटाभोवती सिद्ध करते, आणि तो सोट आणण्याचा अधिकार कोणाच्या परवानगीवर अवलंबून नाही, हे गृहीत धरते.

याच गृहीतकावर इंग्रजी अंमलाने घाव घातला. 1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली, आणि 1878 च्या जंगल कायद्याने राखीव व संरक्षित अशा वर्गवाऱ्या करून, ज्या रानात पिढ्यान् पिढ्या वावर होता ते रान सरकारजमा केले. मोहाचे झाड घ्या. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या वेळी त्याची रसरशीत फुले टपटप गळतात, बायामाणसे झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन स्वच्छ करून ठेवतात आणि उजाडता उजाडता टोपल्या भरतात. ती फुले वाळवून खाल्ली जातात, विकली जातात, त्यांची दारू होते आणि तीच देवाला चढते. या एका फुलावर नियंत्रण आणण्यासाठी मुंबई सरकारने 1892 मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांपुरता स्वतंत्र कायदा केला. ज्या राज्याला झाडावरून गळणाऱ्या फुलाचीही धास्ती वाटते, त्या राज्यात झाड हे राजकारणापासून अलिप्त राहूच शकत नाही.

म्हणूनच 1930 साली, समुद्रापासून दूरच्या महाराष्ट्राला मिठाऐवजी जंगल हे सत्याग्रहाचे क्षेत्र मिळाले, तेव्हा लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. 10 जुलै रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव रानातले गवत कापले. संगमनेर, बागलाण येथे तोच वणवा पसरला. आणि सांगलीकडच्या बिळाशी येथे गावकऱ्यांनी जंगलातील साग तोडून त्याचाच ध्वजस्तंभ महादेवाच्या देवळापुढे उभारला आणि त्यावर तिरंगा चढवला. त्या स्तंभाच्या रक्षणासाठी माणसांनी आपले प्राण पणाला लावले. 25 सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेर येथे अक्कादेवीच्या डोंगरावर गोळीबार झाला, त्यात सत्याग्रही तर पडलेच, पण मामलेदार जोशीही मारले गेले. हुतात्म्यांच्या यादीत कातकरी, कोळी, न्हावी, आगरी अशा सर्व थरांतील माणसे आहेत.

या ठिकाणी कोणी आक्षेप घेईल, की युरोपने झाड लावून स्वातंत्र्य साजरे केले आणि आपण झाड तोडून, मग आपल्या प्रतीकाला वृक्षप्रतीक कसे म्हणावे? आक्षेप सबळ दिसतो, पण तो वरवरचा आहे. बिळाशीचा साग तोडला गेला तो लाकडाच्या लोभाने नव्हे. ज्या झाडाला हात लावणे कायद्याने गुन्हा ठरले होते, ते झाड आपले आहे हे जाहीर करण्यासाठी तो तोडला गेला. फ्रेंच खेडुताला झाड लावण्याची मोकळीक होती, म्हणून त्याने लावले. मराठी खेडुताला झाडाशी नाते ठेवण्याचीच मनाई होती, म्हणून मनाई मोडणे हेच त्याचे रोपण ठरले. किंबहुना चित्रातल्या फितीबद्ध रोपट्यापेक्षा बिळाशीचा तो ओबडधोबड सोट मला अधिक सत्य वाटतो, कारण तिथे प्रतीक आणि प्रतीकाचा विषय एकच आहे: ज्याच्यासाठी लढायचे तेच हातात धरून लढायचे.

दुःखाची बाब ही, की आपल्या कलेने हे सत्य पुरेसे टिपले नाही. नंदुरबार शहरात 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंग्यासाठी छातीवर गोळ्या झेलणाऱ्या शिरीषकुमार आणि त्याच्या चार सोबत्यांचे स्मारक आहे, आणि ते असावेच. परंतु त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, 2 मार्च 1943 रोजी, तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे संत गुलाम महाराजांच्या आप धर्माच्या अनुयायांवर जो गोळीबार झाला, त्याची आठवण निझरा नाल्याच्या खडकांवर उमटलेल्या गोळ्यांच्या खुणांनी जितकी जपली, तितकी आपल्या चित्रांनी व शिल्पांनी जपलेली नाही. शहराचा लढा ध्वजाच्या रूपाने दाखवणे सोपे असते. रानातला लढा दाखवायचा तर रान दाखवावे लागते, आणि ते दाखवताच ते कोणाचे हा प्रश्न उभा राहतो. आपले स्मारककार बहुधा सिमेंटच्या चौथऱ्यावर उंच स्तंभ उभारून मोकळे होतात. याउलट वारल्यांच्या घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चित्रांत झाड माणसाहून मोठे असते आणि माणसे, पाखरे, जनावरे त्याच्या अंगाखांद्यावर वावरतात. हुतात्म्यांची स्मृती कोणत्या भाषेत बोलावी, याचा पाठ तिथे आयता लिहून ठेवलेला आहे.

स्वतंत्र भारताने 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली दिली. हा कबुलीजबाब मोठा आहे. पण ज्या पाड्यावरचा दावा अजून कचेरीच्या दप्तरात पडून आहे, तिथे तो अपुरा आहे. म्हणून मला असे वाटते, की आपल्या शाळांतून, चित्रशाळांतून आणि स्मारकांतून स्वातंत्र्याचे झाड आता पुन्हा रंगवले जावे; मात्र ते बोस्टनचा एल्म किंवा पॅरिसचा पॉप्लर म्हणून नव्हे, तर मोह, साग आणि बांबू म्हणून. आणि चितारणाऱ्याने एवढे पथ्य पाळावे, की ज्यांच्या अंगणातले ते झाड आहे त्यांचा त्यावरचा हक्क मान्य करूनच कुंचला उचलावा. जंगलाचा मालक कोण हा प्रश्न अनुत्तरित ठेवून काढलेले स्वातंत्र्यवृक्षाचे कोणतेही चित्र, कितीही सुंदर असले तरी, अपुरेच ठरेल.